गुरवाघरचा सराव

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात, गावपळणीच्या सहाव्या दिवशी सकाळी, महादेव गुरव यांनी देवाला कौल लावायला नकार दिला. हातातल्या ओल्या कळ्या त्यांनी चुलतभावाच्या ओंजळीत टाकल्या आणि स्वतः सभामंडपात मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या घराण्यात असं पूर्वी कुणी केल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

गाव तळेऱ्याला महामार्ग सोडून आत गेल्यावर लागतो. दर काही वर्षांनी, देव सांगेल त्या पौषात, हा गाव रिकामा होतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेरच्या माळावर जातात आणि माडाच्या झापांच्या मांडवात राहतात. घरांना कुलपं लागतात. वेशीच्या आत कुणी पाऊल ठेवत नाही. कौल घेण्यासाठी तेवढे गुरव आणि दोन मानकरी देवळापर्यंत जातात आणि वाटेत कुठेही न थांबता परत येतात. देवाच्या पाषाणाला कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर गाव भरला, म्हणजे लोकांनी घरी परतायचं. डावी पडली तर मुक्काम वाढला. बहुतेक वेळा चौथ्या दिवशी गाव भरतो.

कौल लावण्याचा मान महादेव गुरवांच्या घराचा. वाडीत त्यांना म्हादूआबा म्हणतात. आमचं घर त्यांच्या घराला लागून. मधे फक्त एक दगडी गडगा. मी नोकरीनिमित्त ओरोसला राहतो आणि सुट्टीला गावी जातो. पुढचं जे मी स्वतः पाहिलं नाही, ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून विचारून घेतलेलं आहे.

आबा उंच, काटक, उजव्या गुडघ्यात थोडे अधू. तरुणपणी ते कबड्डीत चढाई करत आणि गुडघा तिथेच गेला. रिकामं बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. समोर कुणीही बसलेलं असो, त्यांच्या मांडीवर कापूस असे आणि हात राख लावून वाती वळत असत. त्यामुळे त्यांच्या पंच्याचा डाव्या मांडीवरचा भाग कायम करडा. बोलणं ऐकताना ते माणसाकडे बघत नसत, वातीकडे बघत. नवख्या माणसाला वाटे, यांचं लक्ष नाही. शेवटी ते जो प्रश्न विचारत, त्यावरून कळे की सगळं ऐकलं आहे.

त्यांचा दिवस त्यांच्या हातात नव्हता. म्हैस सुटली, कौल. मुलीला स्थळ आलं, कौल. मुंबईत कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर फोनवरून कौल. लोक पहाटे येत, जेवताना येत. नांगर अर्ध्यावर सोडून, आंघोळ करून देवळाकडे जाताना मी त्यांना पाहिलं आहे. घरात म्हैस, थोडी भातशेती, काजूची कलमं. बायको आधीच वारलेली. मुलगा गोव्यात हॉटेलात. महिन्यातून एकदा हद्दीवरचा इन्सुलीचा नाका ओलांडून घरी येई. घर चालवत होती सून अर्चना, आणि तिची चार वर्षांची मुलगी पायात घोटाळत असे.

एक गोष्ट मात्र ठरलेली होती. तिन्हीसांजेला आबा देवळात दिवा लावत. ताप असला तरी, वादळ असलं तरी. एकदा मी म्हटलं, "आबा, एक दिवस दुसऱ्या कुणी लावलो तर चलात."

"चलात," ते म्हणाले. "पण मगे दुसऱ्या दिवशी माकाच लावूचो कंटाळो येतलो. देवाक काय, तो काळोखात बसता."

अर्चनाने पोलीस भरतीचा अर्ज पहिल्यांदा भरला तेव्हा घरात कुणाला सांगितलं नव्हतं. धावण्यात ती निभावली, गोळाफेकीत बाद झाली. घरी येऊन जेवायला वाढताना तिने ते सांगितलं. वयाची अट बघता आणखी एकच संधी उरली होती. आबांनी भात संपवला, हात धुतला.

"कित्या व्हया तुका पोलीस?" त्यांनी विचारलं.

"माका गणवेश नको, आबा. क्वार्टर व्हयी. ओरोसात शाळा जवळ. चेडवाक एस्टीची वाट बघीत बसाक नको."

दुसऱ्या दिवशी आबा दिवा लावून आले आणि अंगणातूनच हाक मारली.

"चल गो."

"खंय?"

"वेशीर."

त्या दिवसापासून सराव सुरू झाला. वेळापत्रक नव्हतं. आबांचं म्हणणं, घड्याळ लावून आपल्या घरात काही होत नाही, कारण घड्याळ बघायला बसलं की कुणीतरी म्हैस हरवून येतो. त्यांनी सराव दिव्याला बांधला. देवळात दिवा लागला की अर्चनाने बूट चढवायचे. दिवा कधी लवकर लागे, कधी उशिरा. त्याप्रमाणे ती कधी उजेडात धावे, कधी काळोखात. गोळ्यासाठी त्यांनी ओहोळातून एक गोल धोंडा आणला आणि रेशन दुकानाच्या काट्यावर तोलून घेतला. दुकानदाराने विचारलं, "आबा, ह्यो धोंडो कोणाक?"

"सुनेक."

"मारूक?"

"टाकूक."

हा संवाद वाडीत बरेच दिवस फिरला.

नियम असा एकच होता आणि तो आबांच्या तोंडून मी अनेकदा ऐकला. "जमात तेवढा. पण आजचा आज. ऱ्हवलेला फाल्यावर टाकूचा नाय. फाल्याक फाल्याचा वझा आसताच." म्हणजे आज धावणं चुकलं तर उद्या दुप्पट धावायचं नाही. आज पोरीला ताप असेल, पाहुणे असतील, तर बूट घालून वेशीपर्यंत चालत जायचं, वेशीच्या दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. तेवढं झालं की आजचा सराव झाला. अर्चनाला सुरुवातीला ही फसवणूक वाटायची. ती म्हणे, "आबा, ह्या काय सराव?" ते म्हणत, "बूट घातलंस मा? मगे झालो."

लावणीच्या दिवसांत हा नियम कसाला लागला. दिवसभर चिखलात वाकून भाताचा तरवा लावायचा, संध्याकाळी म्हैस, चूल, पोर. एका संध्याकाळी अर्चना पाणंदीत बूट हातात घेऊन बसली होती. पाय सुजलेले, बुटात जात नव्हते. शेतावरून परतणाऱ्या बायकांनी तिला घेरलं.

"काय गो, पोलिसीणबाई? आज चोर पळालो वाटता!"

"हिका नोकरी लागली की पयली आमकाच पकडतली. लाकडा चोरतांव म्हणान."

"नाय गो, आदी सासऱ्याक पकडतली. रोज पळवल्यान हिका!"

आबा मागून देवळातून येत होते. आबांनी अर्चनाच्या पायांकडे पाहिलं आणि आपल्या वहाणा काढून तिच्यापुढे ठेवल्या. ती त्या मोठ्या वहाणा फरफटवत वेशीपर्यंत गेली आणि आली. आबा अनवाणी तिच्यामागून गेले. बायका हसत होत्या, त्यांतल्या दोघी मात्र तिच्याबरोबर वेशीपर्यंत चालल्या. पुढे त्या लावणी संपेपर्यंत रोज चालत राहिल्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घराकडे गेला काय परत चूलच आसता. हय तेवढोच इसावो."

त्याच पावसात भाऊबंदांत एक म्हातारे वारले. गुरवांना सुतक आलं. देवळात दिवा लावायचं काम तेवढ्यापुरतं मानकरी परबांकडे गेलं. अर्चनाला वाटलं, आता आपोआप सुट्टी. तिन्हीसांजेला परबांचा दिवा दिसला आणि आबांची हाक आली. वाडीतली एक जाणती बाई त्यांना बोललीच. "अरे म्हादू, मेलेल्याच्या घरची सून रस्त्यार धावता, दिसाक बरा दिसता?"

आबा म्हणाले, "सुतक देवाक. पायांक नाय."

ते नेहमीच बरोबर असत असं नाही. दसऱ्याच्या सुमाराला अर्चनाच्या नडगीत कळ यायला लागली. आबांनी तेल चोळायला लावलं, पण धावणं थांबवलं नाही. ती लंगडायला लागली तेव्हा तिला कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आबांनाच झापलं. म्हणाले, दोन आठवडे धावणं बंद, पूर्ण विश्रांती. आबांनी मान खाली घालून ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी विश्रांतीही तशीच घ्यायला लावली. दिवा लागला की अर्चनाने ओटीवर चटई टाकून आडवं व्हायचं, आणि आबा शेजारी वाती वळत बसायचे.

"पाय हलवू नको."

"आबा, म्हशीची धार रवली."

"मी काढतंय. तू झोप. ह्योच आजचो सराव."

म्हशीला आबांचा हात सवयीचा नव्हता. तिने बादली लाथाडली. गडग्याअलीकडून आम्ही सगळं ऐकत होतो: ओटीवर हसू दाबणारी सून, गोठ्यात म्हशीची समजूत काढणारे आबा. दोन आठवडे हा कार्यक्रम चालला. नंतर ती परत धावायला लागली, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ चटईची ठरली.

पौषात देवाने गावपळण सांगितली. भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख तोवर आलेली नव्हती. सामान बांधताना अर्चनाने मूळ कागदपत्रांची फाइल पिशवीत घातली होती. आबांनी ती काढून घरातल्या ट्रंकेत ठेवली. माळावर झापांचे मांडव, शेजारी चुली, पहाटेचं दव. कागद तिथे नकोत, असं त्यांचं म्हणणं. तीन रात्रींचा तर प्रश्न. ट्रंकेला कुलूप लावलं, घराला कुलूप लावलं, चाव्या कनवटीला खोचल्या. घरोघरी असंच करतात. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात कुणाचा ना कुणाचा महत्त्वाचा कागद कुलपात होता.

माळावर मोबाइलला गावापेक्षा बरी रेंज आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी अर्चनाच्या फोनवर निरोप आला. चाचणी परवा, ओरोसला, मूळ कागदपत्रांसह. मांडवात जो तो हिशेब करायला लागला: उद्या चौथा दिवस, सकाळी कौल, दुपारी गाव भरेल, संध्याकाळी फाइल हातात, परवा पहाटे एस्टी. वेळेवर होतं.

चौथ्या दिवशी आबा दोन मानकऱ्यांबरोबर आत गेले. ज्येष्ठ मानकरी बाबल परब. त्यांनी पुढचं मला सांगितलं आणि दुसऱ्या मानकऱ्याने दुजोरा दिला. आबांनी नेहमीसारख्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पडली. तीच गोष्ट देवाला त्या दिवशी पुन्हा विचारत नाहीत. पुढचा कौल एक दिवस सोडून. तिघे परत निघाले. आबांचं घर वाटेवरच आहे. तिथे आल्यावर बाबल परब थांबले.

"म्हादू, चावी आसा मा तुझ्याकडे? आमी फुडे जातंव. आमी काय मागे बघूचव नाय."

आबा थांबले नाहीत. चालता चालता म्हणाले, "घर माझा आसा, बाबल्या. पण आज गाव माझो नाय."

माळावर अर्चना मांडवाच्या तोंडाशी उभी होती. मीही तिथे होतो.

"डावो इलो," आबा म्हणाले.

"तुमी घरावरसून इलात?"

"इलंय."

"चावी कनवटीक होती?"

"होती."

"मगे?"

"मी थय गुरव म्हणान गेल्लंय गो. घरवालो म्हणान नाय."

"वर्षभर माका सांगतास, आजचा आज," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मगे माझा आजचा खंय गेला?"

कागद ट्रंकेत ठेवणारे आबाच होते, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही. दुपारी ते जेवले नाहीत. माळावर वडाखाली पळणीपुरता देवाचा दिवा ठेवतात. संध्याकाळी त्यांनी तो लावला आणि अर्चनाला हाक मारली नाही. तिने बूट चढवले, त्यांच्याकडे न बघता रस्त्यावर आली आणि तळेऱ्याच्या दिशेने धावत गेली. परत आली तेव्हा आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. तिने त्यांच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या एस्टीने कागदांविना ओरोसला आली. मी त्यांच्याबरोबर मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो. फाटकाशीच मांडलेल्या टेबलावरचे अधिकारी घाटावरचे होते.

"मूळ कागदपत्रं कुठे आहेत?"

आबा सरकारी कचेरीत बोलायचं ते मराठी बोलले, एकेक शब्द तपासून. "साहेब, कागदपत्रं घरी आहेत. घर गावात आहे. गाव रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"कोणी नाही, साहेब. देवाची आज्ञा आहे."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेला हवालदार आपल्या बाजूचा निघाला. तो म्हणाला, "साहेब, गावपळण असते इकडे. खरं बोलतायत ते." मग त्याने साहेबांना मिनिटभर समजावून सांगितलं. साहेबांनी आबांकडे पाहिलं, अर्चनाच्या बुटांकडे पाहिलं.

"ज्यांच्या तारखा अडचणीत येतात त्यांच्यासाठी परवा एक राखीव दिवस आहे. अर्ज लिहून द्या. परवा मूळ कागद नसतील तर मात्र मी काही करू शकणार नाही."

"परवा देव काय म्हणतो त्यावर आहे, साहेब," आबा म्हणाले.

"ते तुम्ही देवाशी बघा," साहेब म्हणाले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

पुढचा कौल दुसऱ्याच दिवशी होता. तो सहावा दिवस. आता गावातल्या पोराटोरालाही ठाऊक होतं की उजवी कळी पडली तर गुरवाची सून परीक्षा देईल आणि डावी पडली तर तिची संधी गेली. कळी लावणारा हात आबांचा. कळी किती ओली ठेवायची, किती दाबायची, हे त्या हाताला पन्नास वर्षं माहीत होतं. सकाळी ते वेशीकडे निघाले तेव्हा माळ उठून उभा राहिला होता.

आबांनी वेशीवर चुलतभाऊ गोपाळ यांना बरोबर घेतलं. मानकऱ्यांना वाटलं, सोबतीला. देवळात गेल्यावर त्यांनी कळ्या भिजवल्या आणि गोपाळच्या ओंजळीत टाकल्या.

बाबल परब म्हणाले, "म्हादू, ह्यो मान आसा. आज दुसऱ्याक दिलंस तर परत मिळाचो नाय. इचार कर."

"आज माझो हात साफ नाय, बाबल्या. माका उजवोच व्हयो आसा. ज्येका उजवो व्हयो, त्येना कळी लावची नाय."

"देवाक कळता सगळा."

"देवाक कळता. माका कळना नाय, माझो हात खंय जातलो तो."

गोपाळनी कळ्या लावल्या. गाऱ्हाणं बाबल परबांनी घातलं आणि बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. आबांचाही आवाज त्यात होता, असं परब सांगतात. बराच वेळ काही पडलं नाही. मग उजवी कळी पडली.

दुपारी गाव भरला. गुरं आधी, मग माणसं. आबांनी घराचं कुलूप काढलं, ट्रंक उघडली, फाइल अर्चनाच्या हातात दिली आणि मगच म्हशीला दावणीला बांधलं.

राखीव दिवशी नातेवाइकांना मैदानात सोडत नव्हते. आबा बाहेर कुंपणाच्या भिंतीशी उकिडवे बसले. मांडीवर कापूस नव्हता. हात नुसते गुडघ्यांवर होते. आतून लाउडस्पीकरवर क्रमांक पुकारले जात होते. अर्चनाचा गट सुटला तेव्हा शिट्टी ऐकू आली. आबा उठून उभे राहिले नाहीत. मी भिंतीवरून बघून सांगू लागलो तर म्हणाले, "नको सांगू रे. ती येतली आणि सांगतली."

ती आली. केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला. काही सांगण्याआधी आबाच बोलले, "बसू नको. चल थोडा. थंड पडलंस तर पाय धरतले."

ती दोघं ओरोसच्या रस्त्याने स्टँडकडे चालत गेली. ती हातवारे करून सांगत होती. आबा अधू गुडघ्याने तिच्याबरोबर पावलं टाकत होते.

मैदानी चाचणीत ती पात्र ठरली. लेखी परीक्षा नंतर झाली. उन्हाळ्यात निवड यादी लागली; अर्चना गुरव हिचं नाव त्यात आहे. प्रशिक्षण पूर्ण करून ती आता जिल्ह्यातच नोकरीला आहे आणि मुलीसह ओरोसच्या क्वार्टरमध्ये राहते.

कौलाचा मान गोपाळ गुरव यांच्या घराने परत केला नाही. गावच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा म्हादूआबांनी तो मागितला नाही. यंदा देवाने पुन्हा गावपळण सांगितली. चौथ्या दिवशी सकाळी गोपाळ गुरव आणि दोन मानकरी वेशीतून आत गेले. कौल उजवा आला. म्हादूआबा त्या वेळी माळावर, बाकीच्या गावाबरोबर उभे होते.